कोऱ्या पिशवीतला वास

आमच्या हॉलमध्ये कशाचाच वास येत नाही. तो येऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो. भिंतींना बिनवासाचा रंग, फरशी पुसायला नुसतं गरम पाणी आणि बसायला पत्र्याच्या खुर्च्या, कारण लाकडाला वास असतो आणि गादीला तर त्याहून जास्त. आत येणाऱ्याने अत्तर, पावडर, तेल यांतलं काही लावायचं नाही, चहा-कॉफी पिऊन यायचं नाही आणि आम्ही दिलेल्याच साबणाने आंघोळ करायची. एकदा एक बडे पाहुणे दाढीनंतरचं काहीतरी गालाला चोपडून आले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. साहेबांनी त्यावरून माझी कानउघाडणी केली. मी म्हटलं, तुमचे पाहुणे तुमच्या केबिनमध्ये बसवा, माझ्या हॉलमध्ये नाही. तेव्हापासून साहेब माझ्याशी जरा जपून बोलतात. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे खरंच आहे. म्हणूनच ताई मला लहानपणापासून ठिणगी म्हणते.

आम्ही वास मोजणारं एक यंत्र तयार करत होतो. कारखान्याशेजारी राहणारी माणसं तक्रार करतात, इथे घाण वास येतो म्हणून. कारखानेवाले म्हणतात, काही येत नाही, यांचं आपलं काहीतरीच. मग खरं कुणाचं? यंत्राने ते सांगायचं. पण यंत्र बरोबर सांगतं की नाही हे कोण सांगणार? तर माणसाचं नाक. आणि माणसाचं नाक बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? तर मी. ज्या वासाची ताकद आम्हाला आधीच ठाऊक असते तो वास पातळ करत करत लोकांना द्यायचा आणि त्यांची नाकं पारखून घ्यायची. मग त्या पारखलेल्या नाकांवर यंत्र पारखायचं. यंत्राचं लांबलचक नाव दारावर लिहिलेलं होतं, पण पुढे नळी नसलेली ती चपटी पेटी बघून आम्ही सगळे तिला नकटी म्हणायचो.

नाकं बरीच होती, पण भरवशाची मोजकीच. एक गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, दुसऱ्या कपडे शिवणाऱ्या काकू आणि तिसरी माझी ताई. ताईला मीच आणलं होतं. नात्यातली म्हणून तिची परीक्षा साहेबांनी स्वतः घेतली, आणि तिचा निकाल बघून चष्मा पुसला. मास्तर आणि काकू जिथे हात टेकायचे, त्याच्याही पुढे दोन पायऱ्या ताईला वास लागायचा.

भाऊजी गेल्यापासून ताई घरात बसून होती. माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. दार उघडायची तीही उपकार केल्यासारखी. हॉलमध्ये यायला लागली आणि तिच्यात जीव आला. मास्तरांची थट्टा करायची, काकूंकडून ब्लाउज बेतायला शिकायची. "ठिणगे, आयुष्यभर मला लोक म्हणाले, काय सारखं नाक मुरडतेस," ती एकदा मला म्हणाली, "आणि आता त्याचीच नोकरी." हे काम गेलं तर ती पुन्हा त्या दाराआड जाईल, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून पहिल्यांदा तिची चूक झाली तेव्हा मी ती नोंद पुन्हा पुन्हा तपासली.

आमच्याकडे नमुने पारदर्शक पिशव्यांमधून येतात. काही पिशव्यांत वासाची हवा, काही कोऱ्या. कोरी म्हणजे गाळून गाळून घेतलेली नुसती स्वच्छ हवा. कोणती पिशवी कोणती हे हुंगणाऱ्याला माहीत नसतं. काचेच्या खोलीत बसायचं, नळीला जोडलेल्या वाटीत नाक घालायचं आणि "वास आहे" किंवा "नाही" यांपैकी एक बटण दाबायचं. कोऱ्या पिशवीला जो सारखं "आहे" म्हणतो त्याला आम्ही काढून टाकतो. वास न ओळखणं एक वेळ चालतं, नसलेला वास येणं चालत नाही.

ताईने कोऱ्या पिशवीला "आहे" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

"काढावं लागेल," साहेब म्हणाले. साहेबांना आम्ही पाठीमागे सरासरी म्हणतो, कारण कुठल्याही भांडणात ते दोन्हीकडचं अर्धं अर्धं घेतात. इथे अर्धं घेण्यासारखं काही नव्हतं. "तुमची बहीण आहे, मला कळतं. पण नियम तुम्हीच लिहिलाय."

"पिशवीतच काहीतरी असेल," मी म्हटलं.

"पिशव्या कोण भरतं?"

पिशव्या मीच भरायचे. नियम होता तसा. मी तरातरा गेले, उरलेली पिशवी नाकाला लावली आणि छाती भरून हवा ओढली. काही नाही. निव्वळ काही नाही.

घरी जाताना मी ताईला विचारलं, "कसला वास येतो तुला?"

ती चालता चालता थांबली. चपलेचा बंद नीट करायचं निमित्त केलं. "सांगता नाही येत गं. असेल माझ्याच मनाचं."

"मनाचं असेल तर तुला काढतील ते."

"काढू देत की," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि मला तिचा भयंकर राग आला. मी तिच्यासाठी भांडायचं आणि हिने असं हात झटकून मोकळं व्हायचं!

त्याच आठवड्यात मास्तरांनी कोऱ्या पिशवीला "आहे" म्हटलं. मास्तर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, खात्री नसेल तर स्वतःचं वयसुद्धा सांगणार नाही. पाठोपाठ काकूंनीही तेच बटण दाबलं. काचेच्या खोल्यांत बसलेली माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि बाहेर आल्यावर नमुन्यांविषयी बोलायला मीच बंदी घातलेली. तरी मी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं.

"गोडसर आहे," काकू म्हणाल्या. "पण खालून काहीतरी शिळं. नको वाटतं बाई."

मास्तरांनी डोळे मिटून विचार केला. "फुलदाणी," ते म्हणाले. "फुलं काढून टाकली आणि पाणी तसंच राहिलं, की कसा येतो? तसा. अगदी तसाच."

तो वास आमच्या घरात एकदा येऊन गेला होता. मला नाही, ताईला. भाऊजी धडधाकट होते तेव्हाची गोष्ट. ताईला घरभर फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास यायला लागला. तिने आधी फुलं आणणं बंद केलं, मग फुलदाण्या घासल्या, मग सगळ्या फेकून दिल्या. मोऱ्या उपसल्या, पडदे धुतले, भाऊजींचे कपडे पुन्हा पुन्हा उकळले. भाऊजी हसायचे, म्हणायचे, तुझ्या बहिणीला मीच नासल्यासारखा वाटतो. मीही हसायचे. शेवटी तिच्या समाधानासाठी त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळ्या स्वच्छ आल्या. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, आणि भाऊजी गेले.

मी मनाला बजावलं की फुलदाणीचं पाणी जगात सगळीकडे सारखंच नासतं. गाळणी बदलली, नळ्या बदलल्या, पिशव्यांचा नवा गठ्ठा फोडला. नव्या पिशवीलाही तिघांनी "आहे" म्हटलं. आणि मग नकटीनेही म्हटलं. तिच्या पडद्यावर एक हिरवी रेघ असते, कोऱ्या हवेला ती मेल्यासारखी सरळ पडून राहते. त्या दिवशी तिने मधोमध हलकंसं डोकं वर काढलं.

साहेबांचा आनंद गगनात मावेना. "तिघांची नाकं आणि यंत्र, सगळ्यांचं एकमत! असं जुळताना मी आजवर पाहिलेलं नाही."

"पण कशावर एकमत साहेब? पिशवी कोरी आहे."

"ते शोधा तुम्ही. तुमची ताई बरोबर होती, एवढं नक्की झालं. राहू दे तिला." आणि मला इतकं हायसं वाटलं, की त्या रेघेची भीती तेवढ्यापुरती विसरायला झाली. ताईचं काम वाचलं होतं.

शोधायला फार अक्कल लागली नाही. एका दिवशी पिशव्या मास्तरांनी भरल्या. रेघ सरळ. दुसऱ्या दिवशी काकूंनी भरल्या. सरळ. तिसऱ्या दिवशी मी भरल्या, आणि रेघेने डोकं वर काढलं.

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. वासाची शिस्त लावणारी बाई, आणि वास तिचाच! "मॅडम, तुम्हाला दारातून परत पाठवायला हवं," मास्तर म्हणाले. मीही हसले, कानापर्यंत लाल होत. घरी जाऊन अंग घासघासून धुतलं, केस धुतले, नवे कपडे घातले, हातमोजे दुहेरी घातले. दुसऱ्या दिवशी रेघ आणखी थोडी वर. मला स्वतःला काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यात नवल नाही, आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो? पाहुण्याला येतो.

हसली नव्हती ती फक्त ताई. ती काचेच्या खोलीतून बाहेरच आली नाही. वाटीला नाक लावून तशीच बसून राहिली, बटण न दाबता.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. विश्रांतीच्या वेळी काकू बोलता बोलता आपली खुर्ची माझ्यापासून थोडी लांब सरकवायच्या. त्यांना ते कळतही नव्हतं, तोंडावर तीच माया, फक्त खुर्ची सरकलेली. मास्तर माझ्याकडून कागद घेताना श्वास रोखायचे. साहेबांच्या केबिनमध्ये मी शिरले की ते न बघताच उठून खिडकी उघडायचे आणि परत येऊन बसायचे. माझ्याभोवती एक मोकळी जागा पडत चालली होती आणि ती कुणी पाडली असं विचारायचीही सोय नव्हती.

मी डॉक्टरांकडे गेले. सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या स्वच्छ आल्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी तब्येत माझी असती तर! मी जिन्यात बसले आणि मला रडू फुटलं, कारण भाऊजींनाही कुणीतरी असंच काहीतरी म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी मी वर गेले आणि ताईला सरळ विचारलं. "खरं सांग. भाऊजींच्या वेळचाच वास आहे ना हा?"

ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठलं काय."

"मास्तर फुलदाणी म्हणाले. तूही तेव्हा फुलदाणीच म्हणायचीस."

"मास्तरांनी तो वास घेतला होता का? काकूंनी घेतला होता का?" तिने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "दोन्ही वास घेतलेलं नाक माझं एकटीचं आहे. आणि मी सांगते, तो वेगळा होता. मुळात तेव्हा तरी खरंच काही येत होतं का, देव जाणे. माझ्या नाकाचं काही खरं नाही गं ठिणगे. तुमच्या हातमोज्यांचा असेल नाहीतर तुझ्या घामाचा. उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस."

"तुझ्या नाकाचं काही खरं नाही? साहेबांनी चष्मा पुसला होता तुझा निकाल बघून."

"तेव्हा होतं. आता गेलंय. कधीपासून सांगणार होते तुला." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "खोटं वाटत असेल तर घ्या की परीक्षा."

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं, आणि मला ते हवंहवंसं वाटलं हेही सांगते. तिचं नाक खोटं ठरलं, तर इथला वास आणि भाऊजींचा वास यांच्यातला दुवाच तुटत होता. मग उरत होती फक्त अंगाला कसलातरी वास येणारी एक बाई. अशा बायका जगात खंडीभर असतील. पण तिचं नाक खोटं ठरलं की तिचं कामही जाणार होतं. मी वर जाताना तिच्या कामाचा विचार केला होता. खाली उतरताना केला नाही.

परीक्षा साहेबांनीच घेतली. मी बाहेर बसले, नियम म्हणून. आमची परीक्षा अशी असते: दर फेरीला तीन वाट्या. एकीत वास, दोन कोऱ्या. वास कुठे आहे ते सांगायचं. कळत नसेल तरी एक निवडावीच लागते, सुटका नाही. अशा अठरा फेऱ्या, वास हळूहळू पातळ होत जाणारा. काचेपलीकडून मला ताईची पाठ दिसत होती. ती घाई करत नव्हती. प्रत्येक वाटीत नाक घालायची, थांबायची, पुन्हा पहिल्या वाटीकडे जायची. शेवटच्या फेऱ्यांना तर तिने इतका वेळ लावला की साहेबांनी घड्याळ बघितलं.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "वाईट वाटतं हो. एकही बरोबर नाही. अगदी पहिल्या फेरीचासुद्धा नाही, जो सर्दी झालेल्या माणसालाही येईल. होतं असं कधीकधी, वयोमानाने, धक्क्याने. यांचे आधीचे निकालही आता धरता येणार नाहीत." ते थोडे लांबूनच बोलत होते. "उद्या तुम्ही सही करा, म्हणजे त्यांना रीतसर मोकळं करता येईल."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. ताईचं नाक मेलेलं होतं आणि मी जगणार होते. मी मास्तरांना दारात अडवून सांगितलं, जणू काही बढतीची बातमी. मास्तर नेहमीप्रमाणे श्वास रोखून ऐकत होते, पण आकडा ऐकला आणि त्यांनी श्वास सोडला.

"अठरापैकी शून्य?" ते म्हणाले. "मॅडम, डोळे मिटून निवडलं असतं तरी सहाएक बरोबर आले असते."

ते एवढंच बोलले. पुढचं बोलायला नको होतं, पुढचं माझंच काम होतं. आयुष्यभर मी तेच करत आले होते. तीन वाट्यांतून नुसते अंदाज ठोकणाऱ्या हजार माणसांत एखाद्याचीच सगळी उत्तरं चुकतील. ज्याचं नाक मेलंय त्याची काही उत्तरं चुकतात आणि काही बरोबर येतात. सगळीच्या सगळी कुणाची चुकतात? ज्याला प्रत्येक वेळी बरोबर वाटी कळते आणि जो ती दर वेळी टाळतो त्याची. शेवटच्या फेऱ्यांतला वास तर मास्तरांनाही कधी लागला नव्हता. तिथे ताईने इतका वेळ लावला होता, कारण टाळायला आधी सापडावा लागतो.

त्या संध्याकाळी घरी बोलावलेल्या पाहुण्यासारखी मी माझ्याच घराच्या दारात उभी राहिले. दार उघडं होतं. ताईकडे माझी किल्ली असते. आतून नळाचा आवाज येत होता.

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, दाराकडे पाठ. माझ्या टेबलावरची निळी फुलदाणी तिच्या हातात होती. ती आत बोटं घालून घासत होती, विसळत होती, उजेडाकडे धरून बघत होती आणि पुन्हा घासत होती. त्या फुलदाणीत मी कधीच फुलं ठेवली नव्हती. कुणीतरी भेट दिलेली, आणली तशी कोरडी ठणठणीत उभी होती.

"आलीस?" ती मान न वळवता म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "कळलं ना निकालाचं? मी म्हटलं नव्हतं तुला?"

मला वाटलं, गप्प बसावं. उद्या सही करावी. तिला हेच हवं होतं, तिने त्यासाठी तिचं सगळं टाकलं होतं. मीही कोरडेपणाने हो म्हटलं असतं तर आम्ही दोघी जेवायला बसलो असतो, हसलो असतो, आणि राहिलेले दिवस तसेच हसत काढले असते. पण मग ती वर जाणार होती, दाराआड, जिचं नाकच खोटं अशी बाई होऊन. भाऊजींच्या वेळीही खोटी, आताही खोटी. आणि तिच्यावर हसणाऱ्यांत पुन्हा एकदा मीच असणार होते.

मला खूप भीती वाटत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून. ती सरकली नाही. एवढ्या दिवसांत माझ्यापासून न सरकलेलं ते एकच माणूस होतं. मी हात पुढे करून नळ बंद केला.

"ताई, तू पास झालीस," मी म्हटलं.

तिची बोटं फुलदाणीतच राहिली.

"अठराच्या अठरा. मी उद्या तसंच लिहून देणार आहे. कामाला वेळेवर यायचं."

ताईने फुलदाणी हळूच ओट्यावर ठेवली. मग माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या केसांत तोंड खुपसून तिने एक मोठा श्वास घेतला. तो सोडायला तिला बराच वेळ लागला.